उणे १२७ आणि ८५

मी जोडलेला पहिला सेन्सर डीएस१८बी२०, तापमान मोजणारा, तीन पायांचा. टेबलावर आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला लावला आणि पहिल्याच फेरीत सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत, २७ अंश उमटले. मग टाकीतल्या पाण्यात सोडायचा म्हणून तीन मीटर वायर लावली, आणि ओळीमागून ओळ उणे १२७ येऊ लागले. मधूनच एखादे ८५.

पुढचे तीन दिवस मी कोडच बदलत होतो. डिले (दोन मोजमापांमधला थांबा) वाढवला, लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) पुन्हा घातली, शेवटी नवा सेन्सर आणला. त्यानेही तेच दोन आकडे दाखवले, तेव्हा प्रश्न पडला की बिघाडच असेल तर दर वेळी नेमके हेच आकडे का?

हा सेन्सर उणे ५५ ते १२५ अंशच मोजतो, म्हणजे उणे १२७ हे तापमान असूच शकत नाही. सेन्सरकडून धड उत्तर आले नाही की लायब्ररीच हा आकडा देते. ८५ ची गोष्ट वेगळी. वीज मिळताक्षणी सेन्सरच्या मेमरीत ८५ असते आणि पहिले मोजमाप पुरे होईपर्यंत ते तसेच राहते. १२ बिटांच्या मोजमापाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात वीज क्षणभर जरी तुटली तरी हातात पडते ते ८५. म्हणजे माझ्याकडे बिघाड एक नव्हता, दोन होते. एक डेटाच्या तारेत, दुसरा विजेच्या.

विजेचा लगेच सापडला. मल्टिमीटरचे टोक बोर्डाच्या पिनवर न लावता थेट सेन्सरच्या पायांवर लावा, आणि व्होल्टेज बघत एकेक वायर हलवा. बोर्डावर ५ व्होल्ट आहेत म्हणून सेन्सरपर्यंत ते पोहोचतातच असे नाही. माझ्या ब्रेडबोर्डातली (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीतली) लाल जम्पर वायर सैल होती. बोट लागले की आकडा कोसळायचा. वायर बदलली, ८५ गेले.

उणे १२७ ने मात्र दमवले. डेटाच्या तारेवर मल्टिमीटर व्यवस्थित व्होल्टेज दाखवत होता. म्हणून मागे फिरलो, पुन्हा छोटी वायर लावली. सेन्सर चालला! बाकी काहीच बदलले नव्हते, तेव्हा दोष लांबीशी निगडित होता. डेटा आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर, म्हणजे डेटाची तार पुन्हा ५ व्होल्टांकडे वर खेचणारा रेझिस्टर, लागतो. वीज बंद करून तो बाहेर काढला, मोजला, तर ४७ किलोओहम! त्याच्यावरच्या रंगपट्ट्यांत पिवळा-जांभळा-लाल हवा होता, मी पिवळा-जांभळा-नारिंगी लावला होता. वायर लांबली की तिची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, आणि एवढ्या मोठ्या रेझिस्टरमधून ती तार पुन्हा वर चढायला फार वेळ घेते. इथे एकेक बिट अवघ्या १५ मायक्रोसेकंदांत वाचायचा असतो. मल्टिमीटर इतका संथ, की त्याला हे दिसणारच नाही. आता मी रेझिस्टर रंगांवर विसंबून लावत नाही, प्रत्येक मोजून लावतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला हेच आग्रहाने सांगतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे खरे तर मला पहिल्या दिवशीच कळायला हवे होते. त्या तीन दिवसांत मी एकदम तीन-तीन गोष्टी बदलत होतो, म्हणून काहीच कळत नव्हते.

दुसऱ्या सेन्सरांचे आकडेही असेच वाचता येतात. तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ दोन सेकंदांतून एकदाच नवे मोजमाप देतो. त्याहून घाईने विचारले आणि तोच आकडा परत आला तर तो अडकलेला नाही. ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ ने अंतर शून्य दाखवले तर वस्तू त्याला चिकटली असे समजू नका. पिनवरच्या पल्सची लांबी मोजणाऱ्या आर्डुइनोच्या पल्सइन फंक्शनने वाट पाहिली, एको पिनवर पूर्ण पल्स मिळाला नाही आणि त्याने शून्य परत दिले, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आधी एको पिनची वायर बघा.