पायाचं बोट काढायचंय? भुलेची तयारी अशी करा

मी भूलतज्ज्ञ आहे. मधुमेहाने बोट काळं पडलेल्या पेशंटची मुलं मला पहिल्यांदा हेच विचारतात : "एका बोटासाठी पूर्ण बेशुद्ध करणार का?" बहुतेक वेळा गरज नसते. घोट्याभोवती पाच नसांजवळ इंजेक्शनं दिली की तेवढं पाऊल बधिर होतं. याला अँकल ब्लॉक म्हणतात. हृदय किंवा किडनी अधू असेल तर मी आधी हाच विचार करते, कारण बीपी आणि श्वास जागच्या जागी राहतात. सरळ बोटाच्या मुळाशीच सुई का नाही? पू झालेली जागा आम्लधर्मी असते, तिथे औषध नीट लागत नाही. लाली घोट्यापर्यंत चढली असेल तर मात्र गुडघ्यामागे किंवा पाठीत इंजेक्शन द्यावं लागतं.

आता तुमचं काम. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, नावं तोंडी सांगू नका. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर साधारण ५ ते ७ दिवस पाठीतलं इंजेक्शन देता येत नाही. पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर मुळीच नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांबद्दल आवर्जून सांगा. त्या सहसा ३ दिवस आधी थांबवतात, कारण शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. जिना चढताना धाप लागते का, तेही सांगा. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊन जातो.

फक्त पाऊल बधिर करायचं असलं तरी उपाशी ठेवतात, बेत बदलला तर पोट रिकामं हवं. हलकं जेवण ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. जेवण बुडणार त्या सकाळच्या इन्सुलिनचं किती घ्यायचं, हे आदल्या दिवशीच विचारून कागदावर लिहून घ्या.

ब्लॉक लागायला २०–३० मिनिटं जातात. कापताना ओढल्याचं, दाबल्याचं कळतं, दुखत नाही. दुखलं तर लगेच बोलायचं, सहन करायचं नाही; औषध वाढवता येतं.

घरी आल्यावर पाऊल कित्येक तास बधिर राहतं. गरम पाण्याची पिशवी लावू नका, आधाराशिवाय उभं करू नका. दुखण्याची पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आधीच द्या. काढलेलं बोट ठणकतंय असं बाबा म्हणाले तर भ्रम समजू नका, डॉक्टरांना कळवा. त्यावर वेगळी औषधं आहेत.