आवरायची वेळ झाली की ओरडू नका, गा

बालवर्गात खेळणी आवरा, हात धुवा, रांगेत या, हे दिवसातून वीस वेळा सांगून घसा बसतो. त्यापेक्षा प्रत्येक कामाला दोन ओळींची एक चाल ठरवून टाका. ‘ठोकळे चालले घरी, झाकण लावा वरी’ असलं काहीही चालतं. यमक जुळलं नाही तरी मुलं तक्रार करत नाहीत. मात्र चाल रोज तीच ठेवा. आपल्याला कंटाळा येतो म्हणून ती बदलण्याचा मोह होतो, पण मुलं शब्दांआधी चाल ओळखतात.

सूर फार खाली लावू नका. आपण थकलो की आवाज आपोआप खर्जात जातो आणि मुलं गाण्याऐवजी पुटपुटतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना साधारण पेटीच्या (हार्मोनियमच्या) मध्य सप्तकातल्या, म्हणजे मधल्या सात सुरांतल्या, पांढरी दोन ते पांढरी सहा (दुसरी ते सहावी पांढरी पट्टी) एवढ्या सुरांत सहज गाता येतं. पेटी नसेल तर लांबून हाक मारताना सूर जिथे लागतो, त्याच्या आसपास सुरू करा.

शेवटचा शब्द मुद्दाम गाळा. ‘झाकण लावा...’ म्हणून थांबलात, की कोपऱ्यातला गप्प बसणाराही ‘वरी!’ म्हणतो. गोंगाट वाढला तर आवाज चढवू नका. जवळ जाऊन हळू गा.