जुन्या टोयोटाचा ‘ओ/डी ऑफ’ दिवा लुकलुकतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

ए340 हा टोयोटाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. क्रेसिडा, सुप्रा, हायलक्स, 4रनर, प्राडो अशा अनेक गाड्यांत तो बसवलेला आहे. खाली दिलेली पद्धत यातल्या ओबीडी-2 (स्कॅनरने दोष वाचायची नंतरची पद्धत) येण्याआधीच्या, म्हणजे साधारण 1995 पर्यंतच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीसाठी आहे. या गाड्यांत कोड, म्हणजे कॉम्प्युटरने साठवलेला दोषाचा आकडा, वाचायला स्कॅनर लागत नाही. वायरचा एक तुकडा आणि मल्टीमीटर एवढ्यावर काम भागतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. सोलेनॉइडचे (गिअर बदलणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचे) कोड म्हणजे 62, 63 आणि 64 हे फक्त विजेचा दोष सांगतात, म्हणजे सर्किट तुटलंय किंवा शॉर्ट झालंय. आतला व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला किंवा क्लच प्लेटा जळाल्या, तर कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे कोड आला म्हणून गिअरबॉक्स ‘गेला’ असं ठरत नाही, आणि कोड नाही म्हणून तो ठणठणीत आहे असंही नाही.

सुरुवात ऑइलपासून करा. गाडी वीसेक मिनिटं चालवा, म्हणजे ऑइल 70 ते 80 अंशांपर्यंत तापेल. सपाट जागी हँडब्रेक लावा, इंजिन आयडलवर चालू ठेवा, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून एल पर्यंत सावकाश फिरवून परत पी मध्ये आणा आणि मग डिपस्टिक काढा. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांच्या मध्ये हवी. इंजिन बंद करून पाहिलं तर पातळी खरीपेक्षा जास्त दिसते आणि ऑइल कमी असूनही पुरेसं वाटतं. काळं, जळका वास येणारं ऑइल असेल तर क्लच प्लेटा घासल्यात असं समजा. त्या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये मिळणार नाही.

आता कोड. इंजिन बंद, इग्निशन ऑन. लिव्हरवरचं ओ/डी बटण दाबलेलं, म्हणजे ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) चालू असायला हवा. तो बंद असेल तर ‘ओ/डी ऑफ’ दिवा नुसता जळत राहतो, लुकलुकत नाही आणि कोड वाचता येत नाही. बॉनेटखालच्या डायग्नोसिस डबीचं झाकण उघडा. टीई1 आणि ई1 या दोन टर्मिनलांमध्ये वायर जोडा. टर्मिनलांची नावं झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेली असतात. चुकीच्या जोडीत वायर घातली तर फ्यूज उडू शकतो, म्हणून नाव वाचून मगच घाला. काही जुन्या मॉडेलांत टीई1 ऐवजी ईसीटी असं टर्मिनल असतं.

दिवा पाव सेकंदाच्या अंतराने एकसारखा लुकलुकला तर कोड साठवलेला नाही. कोड असेल तर आधी दशकाचा आकडा, दीड सेकंद थांबा, मग एककाचा. म्हणजे सहा वेळा, विश्रांती, दोन वेळा: 62. एकाहून जास्त कोड असतील तर लहान आकडा आधी येतो. दोनतीन फेऱ्या पूर्ण होऊ द्या, कागदावर लिहा, मगच वायर काढा.

42: स्पीडोमीटरमधला वेगाचा सेन्सर
61: गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा मुख्य वेगाचा सेन्सर
62: पहिला शिफ्ट सोलेनॉइड
63: दुसरा शिफ्ट सोलेनॉइड
64: लॉक-अप सोलेनॉइड (हायवेच्या वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा)

64 आला तर अनेक मॉडेलांत चालवताना दिवा लुकलुकतच नाही. हायवेवर एका वेगाला आरपीएम नेहमीपेक्षा जास्त राहतंय असं वाटलं, तर दिवा शांत असला तरी कोड वाचून पाहा.

62 आणि 63 गाडीच्या चालीवरूनही ओळखता येतात. पहिल्या गिअरला फक्त पहिला सोलेनॉइड चालू असतो, दुसऱ्याला दोन्ही, तिसऱ्याला फक्त दुसरा आणि ओव्हरड्राइव्हला दोन्ही बंद. पहिला गेला तर डी मध्ये उरतात तिसरा आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणून सिग्नलवरून गाडी जीव नसल्यासारखी उठते. दुसरा गेला तर पहिल्या गिअरवरून थेट ओव्हरड्राइव्हमध्ये उडी, आणि इंजिन एकदम दबतं. ही लक्षणं पाहून ‘प्लेटा गेल्या’ म्हणून गिअरबॉक्स उतरवला जातो. खरं दुखणं बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतं.

पुढची चाचणी या सगळ्यात सगळ्यात मोलाची. गिअरबॉक्सच्या बाजूचा सोलेनॉइडचा कपलर (वायरींचा जोड) काढा आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा. आता कॉम्प्युटरचं काही चालत नाही, सगळं ऑइलच्या दाबावर. एल मध्ये पहिला, 2 मध्ये तिसरा, डी मध्ये ओव्हरड्राइव्ह, आर मध्ये रिव्हर्स मिळायला हवा आणि पी मध्ये गाडी अडायला हवी. एल मध्ये निघा, वेग आल्यावर 2, मग डी. हे सगळं नीट मिळालं तर या गिअरांपुरता यांत्रिक भाग शाबूत आहे, दोष वायर, सोलेनॉइड किंवा सेन्सरमध्ये शोधा. एखादा गिअर मिळालाच नाही किंवा सटकला, तर मात्र आतलं काम निघालं. चाचणीनंतर इग्निशन बंद करून कपलर परत लावा. कपलर काढल्याने 62 ते 64 हे कोड नव्याने साठलेले असतात, ते खरे समजू नका.

दोष विजेचा ठरला तर कपलर काढलेला असतानाच गिअरबॉक्सच्या बाजूच्या प्रत्येक पिनपासून बॉडीपर्यंत ओहम मोजा. तिन्ही सोलेनॉइडना 11 ते 15 ओहम यायला हवेत. शून्याच्या आसपास म्हणजे शॉर्ट, अनंत म्हणजे तुटलेलं. मग कपलर लावून तेच माप कॉम्प्युटरच्या कपलरवर घ्या. खाली 13 आणि वर अनंत आलं तर वायर मध्येच कुठेतरी तुटली आहे. सायलेन्सरजवळून जाणाऱ्या भागात इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं सापडतं. कपलरच्या पिनांवर ऑइल किंवा हिरवट गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळवा आणि माप पुन्हा घ्या.

ओहम बरोबर आले तरी 12 व्होल्ट दिल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर व्हॉल्व्ह अडकलाय. सोलेनॉइड बदलायला चेंबर (तळातलं ऑइलचं भांडं) उतरवावं लागतं, पण गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. दीड-दोन लिटर ऑइल निघेल, तेवढंच परत भरा, तेही अनेक मॉडेलांत डेक्स्रॉन प्रकारचं (डिपस्टिकवर लिहिलेलं असतं). चेंबरचे बोल्ट जेमतेम 7 न्यूटन-मीटरचे, जोर लावलात तर कडा वाकून गळती सुरू होईल.

61 साठी एक मागचं चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, गाडीखाली स्टँड द्या. जुन्या सेन्सरात चुंबकावर चालणारा स्विच असतो. चाक हाताने फिरवताना मीटर शून्य आणि अनंत यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा हलायला हवा. मुख्य सेन्सर गेला की कॉम्प्युटर स्पीडोमीटरच्या सेन्सरवर भागवतो, म्हणून 61 एकटा असेल तर गाडी जवळपास नीट चालते. 42 आणि 61 दोन्ही आले तर आधी फ्यूज आणि अर्थिंग तपासा.

कोड नाही पण गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात? थ्रॉटल केबल पाहा. हिच्यावरच आतल्या ऑइलचा दाब ठरतो. पॅडल पूर्ण दाबून धरल्यावर रबरी बूटचं टोक आणि केबलवरचा स्टॉपर यांत 0 ते 1 मिलिमीटर अंतर हवं.

दुरुस्ती झाली की इग्निशन बंद करून ईएफआयचा 15 अँपिअरचा फ्यूज निदान 10 सेकंद काढून ठेवा. थंडीत जास्त वेळ लागतो, मिनिटभर द्या. फ्यूज लावा, चारही गिअर पडतील एवढी गाडी चालवा आणि टीई1-ई1 जोडून पुन्हा वाचा.