गाडीतून सुटकेची तयारी: काय ठेवायचं, कुठे ठेवायचं

आधी सीटबेल्ट लावून चालकाच्या जागेवर बसा, डोळे मिटा आणि हात फिरवून बघा. जिथे तो न वाकता, न चाचपडता पोचतो, ती काच फोडायच्या अवजाराची जागा. डिकी तर नकोच, पण डॅशबोर्डचा कप्पाही नको; धडकेत त्याचं झाकण अडकू शकतं. अवजार सुटंही ठेवू नका. गाडी उलटली की सुटी वस्तू कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही, त्यामुळे ते क्लिपने पक्कं बसवा. मागे माणसं बसत असतील तर दुसरं अवजार त्यांच्या हाताशी हवं.

विकत घेण्याआधी मात्र काचा तपासाच, हे काम बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ती टेम्पर्ड आहे की लॅमिनेटेड, हे बहुधा छापलेलं असतं. टेम्पर्ड काचेवर टोकदार घाव बसला की तिचे क्षणात बारीक खडे होतात. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो; तिला तडे जातात, पण ती जागची हलत नाही. समोरची काच लॅमिनेटेडच असते, तेव्हा तिच्या नादी लागू नका. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच येतात. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये सहा अवजारं तपासली, तेव्हा चारांनी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड एकालाही फुटली नाही. म्हणून तुमच्या गाडीची कोणती काच फुटेल हे घरातल्या सगळ्यांना आजच दाखवून ठेवा.

हातोडी की स्प्रिंगचा पंच, म्हणजे टोक काचेवर दाबलं की आतल्या स्प्रिंगच्या जोराने घाव घालणारं छोटं अवजार? मी पंचच घ्या म्हणेन. पाण्याखाली हातोडीला जोर मिळत नाही; पंच नुसता दाबला की काम होतं. घाव काचेच्या मधोमध नको, कोपऱ्याजवळ घाला. हेडरेस्ट उपसून काच फोडायचा सल्ला फिरतो, पण हेडरेस्ट त्यासाठी बनवलेलं नसतं आणि ते दरवेळी निघेलच असंही नाही. सीटबेल्टचा पट्टा अडकला तर तो कापायचं पातं खाचेत दडलेलं असावं, म्हणजे अंगाला लागत नाही. पट्टा ताणून धरा आणि तिरका कापा.

गाडी पाण्यात गेली तर पहिलं मिनिट सोन्याचं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त क्रम सांगतात: पट्टे सोडा, काचा उघडा, लगेच बाहेर पडा, मुलं आधी. दाराला हात लावू नका. ते उघडलं की पाणी लोंढ्याने आत येतं. पॉवर विंडो सुरुवातीला बहुधा चालते, म्हणून आधी तिचं बटण, मग पंच. फोन करण्यात हा वेळ घालवू नका.

अग्निशामक ठेवला असेल तर त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे अधूनमधून बघत जा. टॉर्चचे सेल बदला. दारं विजेवर उघडणारी असतील तर वीज गेल्यावर हाताने उघडायची खटकी कुठे आहे, ते गाडीच्या पुस्तिकेत शोधा आणि एकदा स्वतः ओढून बघा. मागच्या दारांची खटकी काही गाड्यांत पॅनेलखाली दडवलेली असते, काहींत नसतेच.