बेळगावचा किल्ला आणि जुन्या गल्ल्या: फोटोला निघण्याआधी

किल्ला आणि गल्ल्या एकाच सकाळी उरकायचा बेत असेल तर तो आधी मोडा. दोन वेगळ्या सकाळी ठेवा. पावसाळ्यात दगड काळपट-हिरवा आणि निसरडा होतो, त्यामुळे ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पावणेसातला जागेवर हजर राहा. खडेबाजार, गणपत गल्लीत नंतर दुकानं उघडली की फलक, छत्र्या आणि दुचाकींमागे जुनी दारं दिसेनाशी होतात.

परवानगीची कामं आदल्या आठवड्यात संपवा. किल्ल्यातली कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर) पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे ट्रायपॉडसाठी लेखी परवानगी लागते. आसपास लष्करी भाग आहे, म्हणून ड्रोन घरीच ठेवा आणि जवान, फाटक, गाड्या चौकटीत येऊ देऊ नका. किल्ल्यातल्याच सफा मशिदीत नमाजाची वेळ टाळा, शुक्रवारची दुपार तर नक्कीच. बस्तीत चामडं नेत नाहीत. चपला बाहेर राहतातच, पण कॅमेऱ्याचा चामडी पट्टा कुणाच्या ध्यानात येत नाही. आदल्या रात्रीच नायलॉनचा लावा, कमरेचा पट्टाही बदला.

बस्ती १२०४ सालची, रट्ट राजघराण्याच्या काळातली. मंडपाच्या छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ हा तिचा जीव, आणि फोटो बिघडतो तोही तिथेच. आत अंधार, बाहेर लख्ख ऊन. फ्लॅश मारला की पाकळ्यांची खोली सपाट होते, म्हणून तो बंदच ठेवा. पाव किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी जवळ बाळगा. कमळाच्या बरोबर खाली ती ठेवून कॅमेरा उताणा टेकवा आणि त्याची कड फरशीच्या सांध्याला समांतर लावा. चारही तुळया चौकटीच्या कडांपासून सारख्या अंतरावर आल्या की मध्य साधला. पिशवी ठेवण्याआधी तिथल्या रखवालदारांना विचारा.

फोकस उभ्यानं लावून मग कॅमेरा खाली ठेवाल तर फसाल, कारण तेवढ्यात अंतर दीड मीटरनं वाढतं. कॅमेरा खाली ठेवल्यावरच फोकस लावा आणि तो मॅन्युअलवर अडकवून टाका. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, छिद्र (भिंगाचं प्रकाश आत घेणारं तोंड) एफ ८, दोन सेकंदांचा टायमर. एक मध्यम, एक दोन स्टॉप उजळ, एक दोन स्टॉप गडद (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अशा तीन फोटोंचे संच रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलीत घ्या, नंतर ते एकत्र जोडता येतात. टायमर न लावता बटण बोटानं दाबलंत तर कॅमेरा हलतो आणि पाकळ्यांच्या कडा पुसट होतात.

शिलालेखाला समोरचा प्रकाश नको. छोटी विजेरी अगदी बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे अक्षरांत सावली भरते. अक्षरं उठावीत म्हणून खडू, तेल किंवा पाणी लावू नका. त्यानं दगडाची कायमची हानी होते.

गल्लीत जागा कमी. कॅमेरा वर उचलला की घराचे खांब आत झुकलेले दिसतात. त्यापेक्षा समोरच्या घराच्या माडीवरून सरळ पातळीत काढा. मोबाइल असेल तर ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा, सुरू ठेवा. ‘काकू, माडीवरनं समोरच्या दाराचा फोटो काढू का?’ असं आधी विचारा. मराठी, कन्नड दोन्ही येणारं कुणी सोबत असलं तर काम सोपं होतं. विजेच्या तारा पुसत बसू नका, त्याही त्या गल्लीच्याच.

दोन भरलेल्या बॅटऱ्या, दोन कार्डं, भिंग पुसायचं मऊ कापड. एसी गाडीतून उतरल्यावर भिंगावर वाफ धरते, म्हणून बॅग वीस मिनिटं बंदच ठेवा. संध्याकाळी सगळं दोन ठिकाणी उतरवा, फोल्डरला गल्लीचं नाव, दिशा आणि तारीख द्या. ज्यांच्या माडीवर चढलात त्यांच्या घरी एक छापील प्रत पोचवा.