देश बदललेल्या जलतरणपटूची कारकीर्द कशी लिहावी

दत्तक देशाकडून पोहलेल्या ज्यू जलतरणपटूवर लेख लिहिताना ‘युक्रेनचा खेळाडू अमेरिकेकडून खेळला’ अशा एका वाक्यात त्याचे पूर्वायुष्य उरकू नये. ओडेसात जन्मलेला अमेरिकी जलतरणपटू लेनी क्रेझेलबर्ग याचेच उदाहरण घ्या. १९७५ मध्ये त्याचा जन्म झाला तेव्हा ओडेसा सोव्हिएत संघात होते, आणि १९८९ मध्ये त्याच्या कुटुंबाने देश सोडला तेव्हाही स्वतंत्र युक्रेन अस्तित्वात आलेला नव्हता. म्हणून जन्मगावापुढे त्या वेळचे राज्य लिहावे आणि आजचा देश वेगळा नोंदवावा.

पुढे स्थलांतर, नागरिकत्व आणि नव्या देशासाठीचे पहिले मोठे यश यांची वर्षे पक्की करावीत. येथे ती १९८९, १९९५ आणि १९९८ अशी येतात. १९९८ मध्ये पर्थच्या जागतिक स्पर्धेत त्याने १०० आणि २०० मीटर बॅकस्ट्रोक (पाठीवर पोहण्याची शर्यत) जिंकली. मधली वर्षे बहुतेक लेखांत गाळली जातात, पण कारकिर्दीचा गाभा तिथेच असतो. लॉस एंजेलिसला आला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, त्याच्या शाळेत जलतरणाचा संघ नव्हता आणि घरखर्चाला हातभार म्हणून तो एका ज्यू सामुदायिक केंद्राच्या तलावावर जीवरक्षकाचे काम करत असे. सांता मोनिका कॉलेजात त्याची गुणवत्ता ओळखली गेली आणि तेथून तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशिक्षक मार्क शुबर्ट यांच्याकडे गेला. सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेने लहानपणी घालून दिलेला पाया आणि अमेरिकेत मिळालेली संधी, या दोन्हींचे श्रेय लेखात यायला हवे.

ज्यू ओळख नुसते विशेषण म्हणून लावू नये. जिथे तिच्यामुळे काही घडले, तिथे ती सविस्तर सांगावी. ज्यूद्वेष आणि मुलाला सक्तीने लष्करात जावे लागेल ही भीती, या दोन्हींमुळे हे कुटुंब बाहेर पडले. पुढे २००१ च्या जुलैमध्ये फुकुओकाला जागतिक स्पर्धा असताना ती सोडून तो इस्रायलमध्ये मकाबिया या जगभरातील ज्यू खेळाडूंच्या स्पर्धेत उतरला आणि उद्घाटनाला अमेरिकेचा ध्वज घेऊन चालला. इंतिफादामुळे, म्हणजे पॅलेस्टिनी उठावामुळे, अनेक खेळाडू त्या वर्षी आलेच नव्हते. त्या निर्णयाचे मोल वाचकाला कळावे म्हणून ही परिस्थिती सांगणे अगत्याचे आहे.

खेळाडू पूर्वी दुसऱ्या देशाकडून खेळला असेल, तर ऑलिम्पिक सनदेचा नियम ४१ पाहावा, कारण त्यानुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते आणि संबंधित संस्थांच्या संमतीने ही मुदत कमी होऊ शकते.

वेळा लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी. १९९९ मध्ये सिडनीतील पॅन पॅसिफिक स्पर्धेत क्रेझेलबर्गने १०० मीटरचा ५३.६० सेकंदांचा आणि २०० मीटरचा १ मिनिट ५५.८७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी त्याच शहरात ऑलिम्पिक सुवर्ण जिंकताना त्याच्या वेळा ५३.७२ आणि १:५६.७६ अशा, म्हणजे किंचित जास्त होत्या. ते ऑलिम्पिक विक्रम होते, विश्वविक्रम नव्हेत. घाईत हे दोन्ही एकच समजले जातात. चौघांनी चार वेगळ्या शैलींत पोहायच्या मेडले रिलेतही बारकावा आहे. पहिला टप्पा बॅकस्ट्रोकचा असतो आणि तो इशाऱ्यावर सुरू होतो, म्हणून त्याची वेळ वैयक्तिक विक्रमासाठी ग्राह्य धरता येते. पुढचे तिघे आधीचा सहकारी भिंतीला हात लावत असतानाच झेप घेत असल्याने त्यांच्या वेळा तशा धरल्या जात नाहीत. सिडनीत अमेरिकेच्या चौघांनी ३:३३.७३ असा विश्वविक्रम केला आणि क्रेझेलबर्गचे तिसरे सुवर्ण झाले.

चौथे सुवर्ण २००४ मध्ये अथेन्सला मिळाले, तेव्हा मेडले रिलेच्या फक्त प्राथमिक फेरीत तो पोहला होता. नियमानुसार पदक पूर्णपणे त्याचेच आहे, मायकल फेल्प्सलाही त्या रिलेचे सुवर्ण असेच मिळाले. तरीही ‘अंतिम फेरीत जिंकले’ असे लिहू नये. त्याच स्पर्धेत १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये तो चौथा आला, आणि हा निकाल खांद्यावरील शस्त्रक्रियेनंतरचा आहे, हेही पदकांच्याच परिच्छेदात नोंदवावे.