पुसलेल्या फाइलींनी अडवलेली फ्लॅश साठवण : माझा अनुभव

निपाणीतील एका पतसंस्थेच्या ऑल-फ्लॅश स्टोरेजवर (फिरत्या तबकड्यांऐवजी फक्त फ्लॅश चिप असलेल्या साठवणीवर) दिवसअखेरीचे काम संथ होऊ लागले. लिनक्स सर्व्हरवर निम्मी जागा मोकळी दिसत होती, स्टोरेजच्या पडद्यावर मात्र ती जवळपास भरलेली होती. फाइल पुसल्याचे सर्व्हर स्टोरेजला आपोआप कळवतोच असे नाही, त्यामुळे ती जागा स्टोरेजला भरलेलीच वाटते. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या पानावर (लिहिण्याच्या छोट्या तुकड्यावर) थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अनेक पानांचा संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून मोकळे ब्लॉक कमी पडले की आतली आवराआवर वाढते आणि प्रत्येक नोंद रेंगाळते. नवे ड्राइव्ह घेण्याआधी हे तपासणे मला अत्यावश्यक वाटते. बॅकअपची खात्री करून रात्री ‘एफएसट्रिम’ (कोणती जागा मोकळी झाली ते स्टोरेजला कळवणारी लिनक्सची आज्ञा) आधी एकाच व्हॉल्यूमवर, म्हणजे साठवणीच्या एका भागावर, चालवले, मग उरलेल्यांवर. जागा परत मिळाली, वेगही सुधारला. आता त्याचा साप्ताहिक टायमर रविवारी पहाटे चालतो.